ओळख नसलेल्या गावात



प्रागहून परत आल्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारले, "फादर, काय काय पाहिलंत?" मी किल्ला सांगितला, पूल सांगितला, बाळ येशूची मूर्ती सांगितली, मोबाईलमधले फोटो दाखवले. एका आजींनी विचारले, "एकटेच फिरलात? कंटाळा नाही आला?" मी हसून "नाही" म्हटले. उत्तर खरे होते, पण अर्धे. उरलेले अर्धे आज लिहितो आहे. तोंडाने सांगायला ते मला जड गेले असते.

2024 च्या नाताळात मी जर्मनीतल्या एका धर्मग्रामात मदतीला गेलो होतो. चर्चेस तीन आणि धर्मगुरू एक, तोही सत्तरी ओलांडलेला, अशी तिथली स्थिती. जानेवारीत तीन राजांचा सण आटोपला तेव्हा परतीच्या विमानाला पाच दिवस उरले होते. प्राग तिथून बसने काही तासांवर. ज्या बाईंच्या घरी मी जेवत असे त्यांनी माझे जाकीट पाहून मान हलवली आणि आपल्या दिवंगत पतीचा काळा ओव्हरकोट कपाटातून काढून माझ्या हातात दिला. तो मला गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत येत होता. वरचे बटण लावले की पांढरी कॉलर पूर्ण झाकली जाई. हा कोट लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

प्रागमध्ये जानेवारीत आठच्या सुमारास उजाडते आणि सव्वाचारला दिवस मावळतो. मधल्या वेळातला उजेडही राखेसारखा. व्हल्टावा नदीवरून वारा येतो तो थेट कानांत शिरतो. पदपथ लहान लहान दगडांचे, त्यावर बर्फ पडून, वितळून, पुन्हा गोठलेला. म्हणून नवखा माणूस मान खाली घालून, पाऊल मोजून चालतो. पहिल्या दिवशी मी असाच सात-आठ तास चाललो. जुन्या शहराच्या गल्ल्या वाकड्यातिकड्या, एका कमानीखालून शिरावे तर दुसऱ्याच चौकात निघावे. काही घरांच्या दारांवर खडूने के, एम, बी ही अक्षरे आणि नव्या वर्षाचा आकडा लिहिलेला होता. तीन राजांच्या सणाला मुले घरोघरी फिरून ती लिहितात. तेवढी खूण सोडली तर त्या शहरात माझ्या ओळखीचे काही नव्हते आणि मला ओळखणारेही कोणी नव्हते.

आणि खरे सांगू? मला फार बरे वाटले. इथे वसईत मी पाव घ्यायला दुकानात गेलो तरी तीन जण "फादर" म्हणून हाक मारतात. एकाला दाखला हवा असतो, दुसऱ्याला नामकरणाची तारीख, तिसऱ्याला फक्त दोन शब्द बोलायचे असतात. हे प्रेम आहे, मी तक्रार करत नाही. पण बावीस वर्षांत मी रस्त्यावरून निव्वळ एक माणूस म्हणून चाललो नव्हतो. प्रागमध्ये चाललो. वाटले तिथे थांबलो, वाटले तेव्हा वळलो, एका दुकानाच्या काचेसमोर उभा राहून लाकडी खेळणी पाहत बसलो. कोणाला माझे काही पडलेले नव्हते.

दुपारी तीनच्या सुमारास मी चार्ल्स पुलावर पोहोचलो. 1357 मध्ये राजा चौथ्या चार्ल्सने त्याची पायाभरणी केली. लांबी पाचशे मीटरहून थोडी अधिक, दोन्ही कठड्यांवर मिळून संतांचे तीस पुतळे. पुलाच्या तोंडाशी, बुरुजाजवळ, एक माणूस गुडघ्यांवर होता. प्रागमधले भिकारी एका विशिष्ट पद्धतीने बसतात: गुडघे टेकून, कोपरे जमिनीला लावून, कपाळ जवळजवळ दगडाला टेकवून, टोपी ओंजळीत पुढे धरून. तोंड दिसत नाही. ते काही बोलत नाहीत, वर बघत नाहीत. हा माणूस पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तसाच बसला होता, आणि त्याच्या पाठीवर बर्फाचे कण पडत होते.

मी बाजूने गेलो.

कंजूषपणा म्हणाल तर तो नव्हता. घाई नव्हती. भीक देणे योग्य की अयोग्य असा काही विचारही केला नव्हता. हात कोटाच्या खिशात उबेत होते आणि ते बाहेर काढावेसे वाटले नाहीत, एवढेच. पुढे त्याच पुलावर संत जॉन नेपोमुक यांचा ब्राँझचा पुतळा आहे, 1683 सालचा. खालच्या दोन पट्ट्यांवर लोक हात लावतात, त्यामुळे तेवढीच जागा सोन्यासारखी चकाकते. मीही रांगेत उभा राहिलो, हातमोजा काढला आणि हात लावला. बोटे गारठली. त्या क्षणी लक्षात आले की पितळ चकाकवण्यासाठी माझा हात खिशाबाहेर येऊ शकतो.

नेपोमुक यांना 1393 मध्ये राजा चौथ्या वेन्सेस्लासच्या हुकमावरून याच पुलावरून नदीत फेकण्यात आले. राणीने पापनिवेदनात काय सांगितले ते उघड करायला त्यांनी नकार दिला, अशी परंपरा आहे. इतिहासकार म्हणतात की मूळ भांडण एका मठाच्या प्रमुखाच्या नेमणुकीवरून राजा आणि आर्चबिशप यांच्यात होते, आणि त्यात हे चिरडले गेले. काहीही असो, 1729 मध्ये त्यांना संत घोषित केले गेले आणि गुपित राखणाऱ्यांचे ते आश्रयदाते झाले. मला त्या संध्याकाळी त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेने बघावेसे वाटले. मी रोज लोकांची गुपिते ऐकतो. माझे एक लहानसे गुपित पुलावरच घडले होते आणि त्याला एकही साक्षीदार नव्हता. माझ्याबरोबर तुमच्यातले कोणी असते तर मी नक्की थांबलो असतो. थांबलो असतो, वाकलो असतो, कदाचित दोन शब्द प्रार्थनेचेही पुटपुटलो असतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी आम्हाला प्लेटोचा 'रिपब्लिक' होता. त्याच्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन नावाचा तरुण सॉक्रेटिसला एक गोष्ट सांगतो. लिडिया देशातल्या एका मेंढपाळाला अंगठी सापडते. तिचा खडा आत वळवला की तो दिसेनासा होतो. हे कळताच तो राजवाड्यात जातो, राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो. ग्लॉकॉनचा प्रश्न असा की अशा दोन अंगठ्या असत्या आणि एक सज्जनाला, एक दुर्जनाला दिली असती, तर दोघांच्या वागण्यात काही फरक उरला असता का? त्याच्या मते लोक न्यायाने वागतात ते केवळ पकडले जाण्याच्या भीतीने.

परीक्षेत या प्रश्नावर मी चार पाने लिहिली होती. सॉक्रेटिसची बाजू घेतली होती, गुणही चांगले मिळाले होते. वीस वर्षांचा होतो, आणि अंगठी कधी बोटात घातलेली नव्हती. प्रागमध्ये ती माझ्या अंगावर होती, काळी, लोकरीची, गळ्याशी बटण असलेली. मी काही राजाला मारले नाही. पण ग्लॉकॉनच्या गोष्टीत मला आता एक खोट दिसते: त्याला वाटते की अदृश्य झालेला माणूस धावत जाऊन मोठे पाप करील. बहुतेक माणसे तसे करणार नाहीत. ती फक्त हात खिशातून काढणार नाहीत.

दुसऱ्या दिवशीचा एक प्रसंग सांगतो, हसलात तरी चालेल. खोली लांब होती म्हणून सकाळी मी भुयारी रेल्वेने निघालो. तिथे आपल्यासारखी आत सोडणारी फाटके नाहीत. एक पिवळी पेटी असते, तिकीट तिच्यात घालून वेळ छापून घ्यायची आणि आत जायचे. छापली नाही तरी दार अडवत नाही. माझ्या हातात कोरे तिकीट होते आणि मनात विचार आला की ते कोरेच राहिले तर परतताना उपयोगी पडेल. प्लेटो, ॲक्विनास आणि बावीस वर्षांची गुरुदीक्षा घेऊन मी त्या पिवळ्या पेटीसमोर अर्धा मिनिट उभा होतो. शेवटी तिकीट छापले. प्रामाणिकपणाने की तपासनीस भेटला तर भारतातल्या धर्मगुरूचे नाव जाईल या भीतीने, ते आजही सांगता येत नाही.

त्याच दिवशी किल्ल्याच्या चढावर मी घसरून पडलो. कोटाने वाचवले, नाहीतर कोपर गेले असते. मी उठायच्या आत एक मध्यमवयीन बाई हातातली पिशवी खाली ठेवून धावत आली. पिशवीतून दोन सफरचंदे उताराने गडगडत गेली, तिने तिकडे पाहिलेही नाही. माझ्या दंडाला धरून तिने मला उठवले, चेक भाषेत काहीतरी विचारले, मी मान हलवली. तिने माझ्या पाठीवरचा बर्फ हाताने झटकला, जसा आई मुलाच्या पाठीवरची माती झटकते, आणि पिशवी उचलून निघून गेली. तिला माझे नाव माहीत नव्हते, मला तिचे नाही. आम्ही पुन्हा भेटणार नव्हतो. त्या चढावर तिला पाहणारेही कोणी नव्हते, म्हणजे अंगठी तिच्याही बोटात होतीच.

इथे कोणी म्हणेल, फादर, मग उपाय सोपा आहे, माणसावर कोणाचीतरी नजर हवी. आपल्या गावात चार डोळे असतात म्हणून पोरे ताळ्यावर राहतात, शहरात गेली की बिघडतात. हे वाक्य मी स्वतः लग्नपूर्व शिबिरात बोललो आहे. पण प्रागमध्येच या वाक्याला उत्तर मिळाले.

किल्ल्याच्या पश्चिमेला तासभर चालत गेले की ब्रझेव्नोव्हचा बेनेडिक्टाइन मठ लागतो, सन 993 मध्ये स्थापन झालेला. तिथल्या स्मशानभूमीत यान पातोचका या तत्त्वज्ञाची कबर आहे. मी मुद्दाम तिकडे गेलो, कारण सेमिनरीत त्यांच्याविषयी दोन व्याख्याने ऐकली होती. कम्युनिस्ट राजवटीने त्यांना विद्यापीठातून बाहेर काढले, तेव्हा ते लोकांच्या घरी, बंद खोल्यांत शिकवत राहिले. शिकवत काय होते? सॉक्रेटिस आणि प्लेटो. आत्म्याची काळजी घेणे हा युरोपच्या विचाराचा गाभा आहे, असे त्यांचे म्हणणे. 1977 मध्ये नागरिकांच्या हक्कांसाठी 'सनद 77' निघाली. तिच्या पहिल्या प्रवक्त्यांपैकी ते एक. पोलिसांनी त्यांची तासन्‌तास चौकशी केली आणि 13 मार्च 1977 रोजी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने ते वारले. दफनविधीच्या वेळी धर्मगुरूचे शब्द कोणाला ऐकू जाऊ नयेत म्हणून वर पोलिसांचे हेलिकॉप्टर घिरट्या घालत होते.

या शहरावर 1989 पर्यंत नजरच नजर होती. शेजारी खबर देत, सहकारी खबर देत. पुढे गुप्त पोलिसांच्या फायली उघडल्या तेव्हा कित्येकांना खबऱ्यांत आपल्याच माणसांची नावे सापडली. एवढ्या डोळ्यांखाली माणसे सज्जन झाली का? व्हात्स्लाव हावेल पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी 1978 मध्ये एक निबंध लिहिला आणि तो पातोचकांच्या स्मृतीला अर्पण केला. त्यात एक भाजीवाला आहे. तो दुकानाच्या काचेत, कांदे आणि गाजरांमध्ये, कामगारांच्या एकजुटीची घोषणा लावतो. तिच्यावर त्याचा विश्वास नाही, ती कोणी वाचतही नाही. लावली नाही तर त्रास होईल म्हणून लावतो. नजरेखाली राहून माणूस शिकतो ते हे: पाटी लावायला.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट अशी. आपल्या धर्मग्रामातही पाट्या आहेत. मी रविवारी वेदीवर हात जोडतो तेव्हा त्यात किती प्रार्थना असते आणि किती पाटी? तुम्ही मिस्साला वेळेवर येता, वर्गणी देता, नोव्हेनाला रांगेत बसता. त्यात काय आहे ते मी विचारणार नाही. गावाची नजर आणि पोलिसांची नजर एक नाही, हे मी मानतो. गावाची नजर आजारपणात पेज घेऊन दारात येते. हेलिकॉप्टर पेज आणत नाही. तरीही दोन्ही नजरा एका बाबतीत सारख्या आहेत: त्या आपल्याकडून वागणे मिळवू शकतात, त्यामागचे मन मिळवू शकत नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी जुन्या शहराच्या चौकात होतो. तिथे नगरभवनाच्या भिंतीवर 1410 सालचे खगोलीय घड्याळ आहे. दर तासाला वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषित फिरून जातात. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. मी पाहत राहिलो तो बाजूला उभा असलेल्या एका लहान पुतळ्याकडे, हातात आरसा घेऊन स्वतःकडे बघणाऱ्या अहंकाराकडे. आदल्या रात्री मी ठरवले होते की उद्या त्या माणसाला शोधून पैसे द्यायचे. आणि ठरवताना किती छान वाटले होते! गावात चार डोळे असतात, इथे दोनच होते, पण ते माझेच, आणि मोठे उदार होते.

बर्फ चुकवत मान खाली घालून चालत असल्यामुळे मला त्या चौकात आणखी एक गोष्ट दिसली. नगरभवनासमोर फरसबंदीत पांढऱ्या दगडांचे सत्तावीस क्रूस आहेत. 21 जून 1621 रोजी तिथे सत्तावीस जणांना देहदंड दिला गेला. आदल्या वर्षी श्वेत टेकडीच्या लढाईत बोहेमियाचे सरदार सम्राट दुसऱ्या फर्डिनांडकडून हरले होते. मेलेल्यांत एक कॅथलिक होता, बाकी प्रोटेस्टंट. बारा जणांची मुंडकी पुलाच्या बुरुजावर दहा वर्षे टांगलेली होती, म्हणजे ज्या बुरुजाखाली तो माणूस बसला होता त्याच बुरुजावर. सम्राट कॅथलिक होता. चौकाच्या मध्यावर यान हुस यांचे स्मारक आहे. 1415 मध्ये त्यांना आपल्या ख्रिस्तसभेच्या परिषदेने पाखंडी ठरवून जाळण्यासाठी सरकारच्या हवाली केले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी डिसेंबर 1999 मध्ये त्या क्रूर मृत्यूबद्दल खोल खेद व्यक्त केला. त्याच चौकात पवित्र मरियेचा स्तंभही आहे. 1918 मध्ये जमावाने तो पाडला होता, कारण तो त्यांना हरल्याची खूण वाटत होता. 2020 मध्ये तो पुन्हा उभारला गेला.

त्या क्रूसांजवळ एक वृद्ध चेक गृहस्थ आपल्या नातवाला काहीतरी सांगत होते. मी ऐकत उभा राहिलो, भाषा कळत नसताना. त्यांनी माझ्याकडे पाहून मान लववली. मीही लववली. कॉलर दिसत नव्हती याचे मला त्या क्षणी हायसे वाटले. हे पहिल्या दिवसापेक्षाही वाईट होते असे मला आता वाटते. पुलावर मी एका माणसापासून लपलो होतो. चौकात मी माझ्याच घराण्याच्या इतिहासापासून लपलो.

आसपासच्या गल्ल्यांत दारांसमोर तळहातापेक्षा लहान पितळी फरशा बसवलेल्या आहेत. नाझींनी ज्या यहुद्यांना नेऊन मारले त्यांचे नाव, जन्मसाल आणि कुठे मेले ते, त्यांच्या शेवटच्या घरासमोर कोरलेले. एका जर्मन कलाकाराने ही कल्पना काढली आणि 2023 पर्यंत युरोपभर अशा एक लाख फरशा बसल्या. मारणाऱ्यांनी त्यांचे आकडे केले होते, कोणीतरी वाकून पुन्हा नावे लिहिली. मी पाच-सहा फरशांवरचा बर्फ बुटाने बाजूला केला. मग बुटाने करणे बरोबर वाटले नाही, म्हणून वाकून हाताने केला.

दुपारी मी नदीपलीकडे विजयी मरियेच्या चर्चमध्ये गेलो, प्रागचा बाळ येशू जिथे आहे तिथे. मूर्ती फक्त 47 सेंटिमीटरची, लाकडावर मेण चढवलेली, मूळची स्पेनची. पोलिक्सेना लोबकोविच या सरदारघराण्यातल्या स्त्रीने ती 1628 मध्ये कार्मेलाइट मठवासीयांना दिली. 1631 मध्ये सैनिकांनी मठ लुटला तेव्हा मूर्तीचे हात तुटले आणि ती अडगळीत पडून राहिली. काही वर्षांनी एका मठवासी धर्मगुरूला ती सापडली. पूजाकाळानुसार तिचे झगे बदलतात. आपल्यातले कितीजण फेब्रुवारीत नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला बस करून जातात! त्या मूर्तीचे मूळ हे. मी वेदीसमोरच्या बाकावर टेकलो, डोळे मिटले, आणि तीन दिवसांचे सगळे सांगायला सुरुवात केली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, आईला व्हिडिओ कॉल लाव ना, दाखव तिला."

मराठी! आणि मी काय केले असेल? पाठ सरळ केली. हात नीट जोडले. कोटाचे वरचे बटण सोडले. हे सगळे आपोआप झाले, एका सेकंदात, देवाशी बोलणे अर्धवट टाकून. ते कुटुंब मला ओळखतही नव्हते. नवरा, बायको आणि सहा-सात वर्षांची मुलगी, नोकरीनिमित्त जर्मनीत राहणारे. मी वळलो, कॉलर दिसली, "अय्या, फादर! मराठी?" झाले. फोटो निघाले, कॉलवरच्या आजींना आशीर्वाद दिला, आणि आम्ही गप्पा मारत पुलाकडे निघालो.

पूल ओलांडून बुरुजापाशी आलो तर तो माणूस तिथेच होता. तोच होता असे मला वाटते, पुठ्ठा तोच होता. मुलगी थबकली आणि म्हणाली, "बाबा, तो असा का बसलाय?" बाबा "चल, चल" म्हणाले. मी थांबलो. खिशातून 50 कोरुनांचे नाणे काढले, वाकलो आणि त्याच्या टोपीत ठेवले. टोपी हलली, तोंड दिसले नाही. मुलीच्या आईने म्हटले, "बघ, फादरनी कसं दिलं!" मी हसलो.

त्या हसण्याचे पापनिवेदन मी नंतर केले. पण ज्या धर्मगुरूकडे केले त्यांना प्रकरण बहुधा नीट कळले नाही. त्यांनी विचारले, "पण तुम्ही दिलेत ना?" दिले. त्या माणसाला त्या नाण्याची रोटी मिळालीच असेल, माझ्या मनात काय होते याचे त्याला काय? हा विचार मला दिलासा देतो, आणि मी त्याला पुरता नाकारत नाही. देणाऱ्याचे मन शुद्ध होईपर्यंत भुकेल्याने थांबावे असे म्हणणे म्हणजे स्वतःच्या आत्म्याचे फार लाड झाले. पण उलट बाजूही सुटत नाही. प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात दान गुप्तपणे करायला सांगितले ते हिशेब चुकवण्यासाठी नव्हे. गुप्तपणात पाहणारा एक पिता आहे असे त्याने सांगितले. मी हा उतारा दर वर्षी राखेच्या बुधवारी वाचतो. त्या पुलावर पहिल्या दिवशी मला "कोणी पाहत नाही" असे वाटले होते. म्हणजे माझ्या लेखी तो पिता 'कोणी'मध्ये मोजलाच गेला नव्हता. धर्मगुरूने हे लिहावे याची मला लाज वाटते. हावेलच्या भाजीवाल्याने निदान भीतीपोटी पाटी लावली होती.

आणि त्या चढावरच्या बाईचे काय? ती देवाला मानत होती की नाही, मला ठाऊक नाही. त्या देशात कुठलाही धर्म न सांगणारे फार. तिला कोणी पाहत होते म्हणून ती धावली असे मला म्हणवत नाही. मला वाटते तिला फक्त मी दिसलो. तिच्याकडे कोण पाहते आहे हा प्रश्नच तिथे उठला नाही, कारण ती स्वतः पाहत होती. मी त्या पुलावर माझ्याकडे कोण पाहते याचाच विचार करत राहिलो, तीन दिवस, आणि त्या माणसाचे तोंड मी एकदाही पाहिले नाही. त्यासाठी गुडघ्यांवर बसावे लागले असते.

हे सगळे मी आता पत्रकात छापतो आहे. पुढच्या रविवारी तुमच्यातले काही जण म्हणतील, "फादर, किती प्रामाणिकपणे लिहिलंत!" तेव्हा मी काय करीन? बहुधा हसेन. पाहा, सुटका नाही.

शेवटच्या दिवशी माझी बस साडेनऊची होती. सात वाजता, अंधारातच, मी पुलावर गेलो. रात्री नवा बर्फ पडला होता. दिवे जळत होते, पुतळ्यांच्या डोक्यांवर पांढऱ्या टोप्या होत्या आणि पुलावर माझ्याखेरीज एक सायकलवाला आणि कुत्रा फिरवणारे एक आजोबा. खिशात दुसरे 50 कोरुनांचे नाणे तयार ठेवले होते. बुरुजापाशी आलो. तो माणूस नव्हता. पुठ्ठाही नव्हता. मी पंधरा मिनिटे थांबलो, पायांची बोटे बधिर झाली, मग निघालो.

कोट मी त्या बाईंना परत केला. नाणे राहून गेले. त्याच्या एका बाजूला प्राग शहराचे चित्र आहे. ते माझ्या टेबलाच्या खणात, बाप्तिस्म्याच्या दाखल्यांच्या शिक्क्याजवळ पडलेले असते. परवा एका वेदीसेवक मुलाने ते उचलून विचारले, "फादर, हे इथे चालतं का?" मी म्हटले, "नाही, हे तिथेच द्यायचं राहिलं."

तुमचा,
धर्मगुरू